पाहुण्यांच्या पंगतीत यजमान

जानेवारीच्या सहा तारखेला रेइश मागूश, चांदर आणि कासावली येथे तीन राजांचे फेस्त भरते. पोर्तुगीजांबरोबर आपल्या भूमीत आलेला हा सण स्पॅनिश दर्यावर्द्यांबरोबर अटलांटिकपलीकडे कॅरिबियन समुद्रातील पोर्तो रिको या बेटावरही गेला आणि तेथे नाताळाइतकाच रुजला. फेस्ताच्या आदल्या रात्री तेथील मुले तीन राजांच्या भेटवस्तूंची वाट पाहत झोपी जातात. २०२५ साली नेमक्या त्याच दिवशी, ५ जानेवारीला, त्या बेटाच्या एका तरुण गायकाने सतरा गाण्यांचा अल्बम आपल्या देशबांधवांच्या हाती ठेवला. भेट खरी, पण ती उघडून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावे अशी. बॅड बनी या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या या गायकाचा हा सहावा अल्बम. अग्रलेखाच्या जागेवर एका लोकप्रिय गायकाच्या गाण्यांची चर्चा कशासाठी, असे कोणी विचारील. ती गाणी समुद्रकिनाऱ्याने सुंदर, परक्या सत्तेने घडविलेल्या, पर्यटनावर पोसल्या जाणाऱ्या आणि हळूहळू स्वतःच्याच मुलांना परक्या होऊ लागलेल्या एका चिमुकल्या प्रदेशाविषयी आहेत, हेच त्याचे उत्तर. गोव्याच्या वाचकाला यापेक्षा अधिक खुलासा लागू नये.

आमच्या ज्येष्ठ वाचकांना हे नाव अपरिचित असेल. त्यांच्या नातवंडांना ते खचित नाही. बेनितो आंतोनियो मार्तिनेस ओकासियो हे त्याचे मूळ नाव. जन्म १९९४ चा, बालपण बेगा बाहा या गावच्या परिसरातले. वडील मालमोटार चालवीत, आई शाळेत शिकवीत असे. लहानपणी चर्चच्या गायकवृंदात गाणारा हा मुलगा पुढे एका दुकानात गिऱ्हाइकांच्या पिशव्या भरून देण्याचे काम करता करता स्वतःची गाणी रचू लागला. बालपणी सशाचा पोशाख चढवावा लागला तेव्हाच्या रुसलेल्या छायाचित्रावरून त्याने आपले टोपणनाव घेतले. त्याची पूर्वीची पुष्कळ गाणी सोवळ्यात बसून ऐकण्याजोगी नाहीत आणि हा अल्बमही त्या दोषापासून सर्वस्वी मुक्त नाही. परंतु शब्दांच्या ओंगळपणापाशीच थबकणारा श्रोता आशयापर्यंत कधी पोहोचत नाही, हे आपल्याकडील तमाशाच्या फडाने सभ्य समाजाला फार पूर्वीच शिकविले आहे. फेब्रुवारी २०२६ मध्ये या अल्बमला अमेरिकेतील ग्रॅमी पुरस्कारांपैकी वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचा मान मिळाला. स्पॅनिश भाषेतील अल्बमला तो प्रथमच मिळाला. त्यानंतर आठवड्याने अमेरिकेतील सर्वांत मोठ्या क्रीडासोहळ्याच्या, सुपर बोलच्या, मध्यांतरात हा गायक उभा राहिला आणि स्पॅनिशमध्येच गायला. त्याच्या निवडीला खुद्द अमेरिकेच्या अध्यक्षांनी हास्यास्पद ठरविले होते. सत्ताधीशांना एखादे गाणे हास्यास्पद वाटू लागले म्हणजे ते कोठेतरी वर्मी लागले असले पाहिजे, असे समजायला हरकत नसावी.

अल्बमचे नाव 'देबी तिरार मास फोतोस', म्हणजे 'अधिक छायाचित्रे काढून ठेवायला हवी होती'. वरवर पाहता ही दुरावलेल्या प्रेयसीसाठीची हळहळ आहे. पण एकेक गाणे ऐकत जावे तसतशी ती प्रेयसी म्हणजे हातची निसटत चाललेली मायभूमी असल्याचे ध्यानात येते. मराठी मनाला ही रीत नवी नाही. अण्णाभाऊ साठे यांनी आपल्या छक्कडीतल्या विरही गड्याच्या तोंडून गावाकडे राहिलेल्या मैनेची आठवण काढली, तेव्हा ती मैना म्हणजे संयुक्त महाराष्ट्राबाहेर राहिलेला मुलूख आहे, हे गिरणगावातल्या कामगाराला कोणी समजावून सांगावे लागले नव्हते. या अल्बमच्या मुखपृष्ठावर केळीच्या झाडांपुढे प्लॅस्टिकच्या दोन पांढऱ्या खुर्च्या मांडलेल्या आहेत. आपल्या कोणत्याही वाड्यावरच्या घरापुढे दिसाव्यात तशाच त्या आहेत, आणि दोन्ही रिकाम्या आहेत. बसणारे कोठे गेले, हाच या अल्बमचा प्रश्न आहे.

हा प्रश्न विचारण्यासाठी गायकाने जी वाद्ये हाती घेतली, तीही लक्षात घेण्याजोगी आहेत. जगाच्या बाजारात ज्या रेगेटॉनने त्याला श्रीमंत केले, त्याच्या जोडीला त्याने येथे प्लेना, बोंबा, साल्सा आणि डोंगरकपारीतल्या शेतकऱ्यांचे संगीत आणले आहे. बोंबा ही उसाच्या मळ्यांत राबविल्या गेलेल्या आफ्रिकी गुलामांची ठेव. प्लेना विसाव्या शतकाच्या आरंभी पोन्से शहराच्या कष्टकरी वस्त्यांत वाढली. डफासारखे हातवाद्य घेऊन गावातली ताजी घटना, संप, वादळ, एखाद्याची फजिती गाऊन सांगणे हे तिचे काम. म्हणूनच तिला तेथे 'गाणारे वर्तमानपत्र' म्हणतात. आपल्याकडे पोवाड्याने आणि तियात्रातल्या राजकीय कांतारांनी तेच काम केले आहे. एका गाण्यात त्याने सान हुआनच्या संगीतशाळेतल्या विद्यार्थ्यांना वादक म्हणून साथीला घेतले. दुसऱ्यात गावोगाव प्लेना गाणाऱ्या मंडळींना आपल्या बरोबरीने उभे केले. त्याहून विशेष म्हणजे, प्रत्येक गाण्याच्या चित्रफितीत बेटाच्या इतिहासाचा एकेक धडा त्याने लिहवून घेतला आणि त्यासाठी जोरेल मेलेंदेस-बादियो या इतिहासकाराला पाचारण केले. नाचण्यासाठी आलेल्या कोट्यवधी तरुणांना न कळत इतिहासाच्या वर्गात बसविण्याची ही युक्ती आमच्या शिक्षण खात्याला सुचेल तो सुदिन!

तो इतिहास संक्षेपाने सांगितला पाहिजे. १८९८ च्या युद्धात स्पेनचा पराभव झाला आणि पोर्तो रिको अमेरिकेच्या पदरात पडले. बेटावरच्या लोकांना कोणी विचारले नाही. १९१७ साली त्यांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले, पण अमेरिकेच्या अध्यक्षाच्या निवडणुकीत बेटावरच्या रहिवाशाला आजही मत नाही आणि काँग्रेसमधील त्यांच्या एकमेव प्रतिनिधीला सभागृहातल्या अंतिम मतदानात भाग घेता येत नाही. १९४८ साली तेथे मुस्कटदाबीचा कायदा झाला. स्वातंत्र्याची भाषा बोलणे तर सोडाच, स्वतःचा ध्वज घरी फडकविणे हाही त्या कायद्याने गुन्हा ठरला. तो कायदा १९५७ पर्यंत टिकला. ज्या गोव्यात सालाझारच्या अमदानीत लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरच्या डोळ्यांखालून गेल्याविना छापता येत नसे आणि तिरंगा हाती धरणाऱ्यांना तुरुंगाची वाट धरावी लागे, त्या गोव्याला या कायद्याचा अर्थ शब्दकोशात शोधावा लागणार नाही. अल्बमच्या शेवटच्या गाण्यात या ध्वजाची आणि त्यासाठी मेलेल्यांची आठवण आहे. पंचविशीतल्या श्रोत्यांनी ती मोठ्या अभिमानाने डोक्यावर घेतली, ही गोष्ट लहान नव्हे.

पण आजचे संकट बंदुकीच्या नळीतून आलेले नाही. ते करसवलतीच्या अर्जातून आले आहे. बेटाच्या सरकारने २०१२ साली एक कायदा केला. बाहेरून येऊन येथे स्थायिक होणाऱ्या धनिकांना, आल्यानंतर कमावलेल्या भांडवली नफ्यावरचा कर माफ झाला. पिढ्यान् पिढ्या तेथेच राहत आलेल्यांना ही माफी नव्हती. पुढे २०१९ च्या कायद्यात हीच सवलत नव्याने गोवण्यात आली आणि ती घेणाऱ्याला बेटावर घर विकत घेण्याची अट घालण्यात आली. हेतू भांडवल आणण्याचा होता. परिणाम जमिनींचे भाव चढण्यात झाला. दरम्यान ७० अब्ज डॉलरांहून अधिक कर्जाने सरकारचे दिवाळे वाजले, आणि २०१६ साली वॉशिंग्टनने खर्चावर देखरेख करणारे मंडळ बेटाच्या डोक्यावर बसविले. त्या मंडळाचा एकही सभासद लोकांनी निवडून दिलेला नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळ आले. सरकारने मृतांचा आकडा प्रथम ६४ सांगितला आणि पुढे तो २,९७५ असल्याचे मान्य केले. वीज कित्येक महिने परतली नाही. जे तरुण होते ते न्यूयॉर्कला आणि फ्लॉरिडाला गेले. २००० साली ३८ लाखांवर असलेली लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत ३३ लाखांच्या आत आली. आज बेटावर राहतात त्याहून अधिक पोर्तो रिकन लोक अमेरिकेच्या मुख्य भूमीवर राहतात.

अल्बमबरोबर प्रसिद्ध झालेल्या छोट्या चित्रपटात हे सारे आकडे एका वृद्धाच्या चेहऱ्यावर उमटलेले दिसतात. तेथील नामवंत दिग्दर्शक हाकोबो मोरालेस याने वयाच्या नव्वदीत ही भूमिका केली आहे. हा म्हातारा आपल्याच गल्लीतून चालत कॉफी प्यायला जातो, तर शेजारीपाजारी इंग्रजी बोलणारे, दुकानात नेहमीचा खाऊ अवाच्या सवा दराचा आणि खिशातल्या नोटा निरुपयोगी, कारण तेथे रोकड चालतच नाही. कोणी त्याला हाकलून दिले नाही, कोणी अपशब्द वापरला नाही. सर्वजण सौजन्याने वागले. केवळ त्याच्या गावात त्याची गरज उरली नाही, इतकेच. आसगाव, हळदोणे, शिवोली किंवा मोरजी येथल्या एखाद्या वयोवृद्ध गृहस्थाला हा चित्रपट दाखवावा. भाषा न कळताही त्याला तो कळेल.

येथे एक आक्षेप येतो आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. हा गायक कोट्यधीश आहे. त्याचे दुःखदेखील विकले जाते. ज्या पर्यटनावर तो टीका करतो, त्याच पर्यटकांनी त्याच्या गाण्यावर आपल्या सहलींची छायाचित्रे चिकटविली. त्याची मैफल ऐकायला येणाऱ्यांनीच सान हुआनची हॉटेले भरली. हे खरे आहे. मात्र या विसंगतीला त्याने दिलेले उत्तर आम्हांला महत्त्वाचे वाटते. ११ जुलै २०२५ पासून त्याने सान हुआनच्या सभागृहात एकतीस कार्यक्रम केले. त्यांना त्याने जे नाव दिले त्याचा अर्थ 'मला येथून जायचे नाही' असा होतो. त्यांतले पहिले नऊ कार्यक्रम केवळ बेटावरच्या रहिवाशांसाठी राखून ठेवले होते. बाहेरच्यांची पाळी त्यानंतर. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर त्याने या अल्बमचा दौरा काढलाच नाही, कारण मैफलीला येणाऱ्या स्थलांतरितांची दारापाशी धरपकड होईल अशी भीती त्याने बोलून दाखविली.

आपल्याकडे पाहुण्याचे पान आधी वाढतात आणि घरची माणसे मागाहून जेवतात. अतिथीला देव मानणाऱ्या संस्कृतीची ही शोभा आहे आणि ती जावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु ही रीत एका गृहीतावर उभी आहे: घर यजमानाचे आहे, कोठार त्याचे आहे आणि पंगत उठल्यावर पाहुणा आपल्या घरी जाणार आहे. पाहुणाच घर विकत घेऊ लागला, पंगत संपेनाशी झाली आणि यजमान स्वतःच्या ओसरीवर उष्टी काढण्यापुरता उरला, तर त्या आतिथ्याला आतिथ्य म्हणायचे की आणखी काही? आधी घरच्यांचे पान वाढण्याचा या गायकाचा हट्ट उद्धटपणाचा नाही. 'या घराला अजून यजमान आहे' एवढेच तो सांगतो आहे.

गाण्याची शक्ती मान्य करूनही तिची सीमा सांगितली पाहिजे. २०१९ च्या जुलैमध्ये गव्हर्नर रिकार्दो रोसेयो यांची अश्लाघ्य खाजगी संभाषणे उघडकीस आली, तेव्हा बॅड बनी आपला युरोपचा दौरा सोडून मायदेशी परतला आणि इतर कलावंतांसह रस्त्यावर उतरला. लोकांच्या त्या उठावापुढे गव्हर्नरला पायउतार व्हावे लागले. त्यामुळे नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत त्याने उघड बाजू घेतली, जाहिरात-फलक लावले आणि स्वातंत्र्यवादी उमेदवार हुआन दाल्माउ यांच्या सभेत तो भाषणालाही उभा राहिला, तेव्हा पुष्कळांच्या अपेक्षा उंचावल्या. दाल्माउ दुसऱ्या क्रमांकावर आले. त्यांच्या पक्षाच्या इतिहासात ही मोठी मजल होती, पण सत्ता गेली अमेरिकेचे घटक राज्य होऊ इच्छिणाऱ्या पक्षाकडे. त्याच दिवशी झालेल्या सल्लावजा कौलात बहुसंख्य मतदारांनी घटक राज्याच्याच बाजूने मत दिले. ज्यांच्या ओठांवर त्याची गाणी आहेत त्यांची मते त्याच्या मागे गेली नाहीत. पुढाऱ्याला हटविण्यासाठी गाणे पुरले. त्याच्या जागी कोणाला बसवावे हे मात्र ते ठरवू शकले नाही.

याच अल्बममध्ये एक गाणे हवाईच्या नशिबाविषयी आहे. जे हवाईचे झाले ते आपले होऊ नये, अशी त्यातली कळकळ आहे. हवाईची राणी १८९३ साली पदच्युत झाली, १८९८ साली अमेरिकेने ते राज्य गिळले आणि १९५९ साली त्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला. म्हणजे पोर्तो रिकोच्या बहुसंख्य मतदारांना जे हवे आहे ते हवाईला कधीच मिळाले. तरीही हवाईच्या मूळ वंशाचे निम्म्याहून अधिक लोक आज हवाईबाहेर राहतात. दर्जा मिळाला, दोन सिनेटर मिळाले, अध्यक्षाच्या निवडणुकीत मत मिळाले. जमीन मात्र राहिली नाही. आमच्या मते या अल्बममधला सर्वांत खोल राजकीय विचार हाच आहे. राजकीय दर्जा ही घराची चौकट आहे. पण चौकट भक्कम असली म्हणून आतले घर आपल्याच मुलांच्या नावावर राहील, याची हमी ती देत नाही.

आणि येथेच हे गाणे अटलांटिक ओलांडून मांडवीच्या तीरावर येते. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याने जनमत कौल दिला. संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ आणि महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. तेव्हा मराठी वृत्तपत्रसृष्टी दुभंगली होती. 'गोमन्तक'चे वजन विलीनीकरणाच्या पारड्यात होते, 'राष्ट्रमत'चे विरोधाच्या. दोन्हीकडे त्वेषाने अग्रलेख लिहिले गेले. त्यांतला एखादा परिच्छेद आज किती जणांना आठवतो? उल्हास बुयांव यांनी गावोगाव फिरून गायिलेली गाणी मात्र त्या कौलाचा विषय निघाला की अजून आठवतात. गाणाऱ्या वर्तमानपत्राने छापील वर्तमानपत्रावर मात केली, हे आम्हां लेखणीवाल्यांनी मोकळेपणाने कबूल करावे. त्यानंतर वीस वर्षांनी, ३० मे १९८७ रोजी, गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला. बाजू कोणतीही असो, दोन्ही पक्षांना एकच आशा होती: आपली भूमी आपल्या हाती राहावी.

आज सरकारी आकडेवारीनुसार २०२४ या एका वर्षात एक कोटीहून अधिक पर्यटक गोव्यात आले. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. पर्यटनाने येथे हजारो चुली पेटविल्या आहेत आणि त्या विझाव्यात असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण ज्या डोंगरउतारावर आजोबांनी काजू लावले, त्याच गावात नातवाला घर परवडत नाही, आणि तो पोर्तुगालच्या पारपत्रासाठी आजोबांच्याच जन्माचा दाखला शोधत फिरतो. पूर्वी आपली माणसे मुंबईत धोबी तलावच्या कुडींत राहत. आज ती इंग्लंडमधल्या स्विंडनला आहेत. या अल्बममध्ये ब्रुकलिनमधल्या ज्या जुन्या सामाजिक क्लबाचा जिव्हाळ्याने उल्लेख होतो, तो म्हणजे पोर्तो रिकन लोकांची कूडच होय.

मात्र दोहोंत एक मोठा भेद आहे आणि तो आपल्याला सुखावणारा नाही. पोर्तो रिकोच्या माणसाला त्याच्यावर राज्य करणाऱ्या काँग्रेसमध्ये मत नाही. त्याच्या तिजोरीच्या किल्ल्या त्याने न निवडलेल्या मंडळाकडे गेल्या. त्याने गाण्याचा आधार घेतला तर ते समजण्याजोगे आहे. गोव्याचे तसे नाही. चाळीस आमदारांची विधानसभा आपली आहे. जमिनीच्या वापराचे नियम तीच करते, आणि शेतजमिनीचे रूपांतर करणारी सही आपल्याच मतांवर निवडून आलेल्या सरकारच्या दफ्तरात होते. २००७ च्या जानेवारीत लोकांनी रेटा लावला, तेव्हा सरकारला प्रादेशिक आराखडा २०११ गुंडाळावा लागला होता. लोकांनी मनात आणले तर काय होते, हे आपण एकदा पाहिले आहे. म्हणून आपल्या बाबतीत यजमान लाचार आहे असे म्हणता येत नाही. तो झोपला आहे किंवा स्वतःच दलाल झाला आहे, एवढेच म्हणता येते. घर विकणारा आणि घर गेले म्हणून गळा काढणारा पुष्कळदा एकच असतो, हे आपल्या गावागावांतले कडू सत्य आहे.

छायाचित्रे काढून ठेवायला हवी होती, ही हळहळ गमावल्यानंतरची असते. पोर्तो रिकोच्या या गायकाने ती आधीच व्यक्त केली आणि आपल्या लोकांना वेळेवर हाक मारली, हे त्याचे मोठेपण. त्याच्या बेटाचे पुढे काय व्हायचे ते तेथले लोक आणि वॉशिंग्टन ठरवतील. आपले काय व्हायचे ते ठरविण्यासाठी आपल्याला कोणा वॉशिंग्टनकडे जावे लागत नाही. ग्रामसभेला गेले तरी पुरते. अंगणातल्या दोन खुर्च्या अजून मांडलेल्या आहेत. त्यांचे छायाचित्र काढण्याऐवजी त्यांच्यावर बसणारे माणूस गावात कसे राहील, हे पाहण्याची वेळ अद्याप गेलेली नाही.